मागच्याचा दिवा

दुपारी दोन वाजता मांडणीतले चमचे खुळखुळले.

तोवर घरात चिडीचूप होतं. श्रीनिवास रात्रपाळी करून बेडरूममध्ये झोपला होता, त्याच्या कुशीला चार वर्षांची बकुळ, आणि शलाका ओट्याला टेकून गार झालेला चहा पीत उभी होती. चमचे खुळखुळले म्हणजे पॅसेजमध्ये तोफा हलायला लागल्या. रोजचंच होतं ते. पोर उठू नये म्हणून तिनं चमच्यांवर ओलं फडकं टाकलं.

फ्लॅट घेतला तेव्हा हा पॅसेज नऊ फुटांचा होता. स्वयंपाकघरातून निघायचा आणि मागच्या खोलीशी संपायचा. त्या खोलीत शलाकाचा तंबू होता, झोपायची पिशवी होती, काळवंडलेला छोटा स्टोव्ह होता. बकुळ झाली त्या महिन्यात तिथं जायला चार पावलांच्या जागी सहा लागायला लागली. बकुळला दात येत होते तेव्हा शलाका तिकडे जाताना पाण्याची बाटली बरोबर न्यायची. आणि बकुळ दोन वर्षांची होईतो मध्ये नदी आली, नदीच्या दोन्ही अंगांना कपाशी आली. तिनं एकदा श्रीनिवासला सांगून पाहिलं.

"लोक एकेका फुटासाठी रडतात," तो कूस बदलत म्हणाला. "तुला आयतं मिळतंय तर तुझी तक्रार."

नदी केळणा होती. शलाकानं ती पाहताक्षणी ओळखली.

कॉलेजपासूनची चौघांची टोळी होती त्यांची. हर्डीकर, सायगावकर, नूर आणि शलाका. वर्षातून दोनदा मोटरसायकली काढायच्या आणि जिथं कधीकाळी लढाई झाली तिथं जाऊन तंबू ठोकायचा. खर्डा झालं, वडगाव झालं, पालखेड झालं, एकदा पार लोंगेवालापर्यंत जाऊन आले. हर्डीकर शाळेत इतिहास शिकवायचा, त्यामुळे शेकोटीशी बोलायचं काम त्याचं. बाकीच्यांनी चहा करायचा, आणि पहिला कप मातीला द्यायचा. त्या मातीत कोण कोण पडलंय आपल्याला ठाऊक नाही, पण दमून पडलेत एवढं नक्की, असं नूरचं म्हणणं होतं. तिनंच ती पद्धत पाडली होती.

गाड्या एका रांगेत चालायच्या. पुढं हर्डीकर, मग सायगावकर, मग नूर, आणि सगळ्यात मागं शेपूट म्हणून शलाका. नियम एकच. आपल्या आरशात मागच्याचा दिवा दिसत नसेल तर पुढं जायचं नाही, थांबायचं. ज्याला ट्रिप सोडायची असेल त्यानं सगळ्यांच्या देखत आपला आरसा आत वळवायचा, म्हणजे बाकीचे मोकळे. शेपटाच्या आरशात मात्र कुणीच नसतं. शलाकाला ते फार आवडायचं. मागं नुसता रस्ता.

असईला, जिथं इंग्रज-मराठ्यांची लढाई झाली तिथं जाताना, केळणेच्या थोडं अलीकडे तिनं गाडी कडेला घेतली आणि पंजा वर केला. पंजा म्हणजे पाच मिनिटं. बाकीचे तिघं नदीच्या काठाशी थांबले. ती बाभळीखाली बसून ओकली. मग डॉक्टर, मग अंथरुणातच पडून राहायची सक्ती, मग बकुळ. आरसा वळवायचा तेवढा राहून गेला.

ती पाच मिनिटं अजून चालू होती.

सव्वादोनला नूर पॅसेजच्या तोंडाशी आली. तिचे बूट घोट्यापर्यंत ओले होते. पायी यायला हरकत नव्हती, नियम गाड्यांना होता. आठवड्यातून एकदा ती काही ना काही मागायला यायचीच. कधी काडेपेटी, कधी मीठ, एकदा गाळणं नेलं ते परत दिलं नाही.

"साखर आहे?"

"गूळ चालेल का?"

"मातीला गुळाचा दिला तर हर्डीकर तासभर व्याख्यान झोडेल. साखरच दे बाई."

शलाकानं डबा काढला. नूर खिडकीच्या उजेडात उभी होती आणि तिच्यातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. संकष्टी, आणि बकुळच्या लशीची तारीख.

"फार वाळलीस गं."

"तू सुटलीस. फिट्टंफाट."

"सायगावकर काय म्हणतोय?"

"तो फलकावर गेला."

"कधी?"

"बुधवारी." नूरनं साखरेची पुडी खिशात घातली. "लढाई रोज हातभर पुढं सरकते. बुधवारी त्याच्या गाडीवरून गेली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथला माहितीचा फलक आहे ना, त्याच्यावर तळाशी एक ओळ वाढलेली. निळ्यावर पांढरी. वाचली की त्याच्याच आवाजात ऐकू येते."

"काय लिहिलंय?"

"'येथे थांबले असता'. एवढंच. पुढं रंग संपला."

बेडरूममध्ये श्रीनिवास घोरला आणि थांबला. नूरनं जाकिटातून एक गोल आरसा काढून ओट्यावर ठेवला. सायगावकरच्या गाडीचा, डाव्या हाताचा.

"एवढाच उरला. बकुळच्या सायकलीला लाव." ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "शलाके, आज तीनला लढाई आमच्या दोघांवरून जाणार. हर्डीकरनं दोरी लावून मोजलंय. तू ये, नाहीतर आरसा वळव. काहीही कर, पण आज कर. आम्ही काही म्हणणार नाही. आता म्हणायचं त्राणच नाही."

"बकुळ पावणेचारपर्यंत झोपते," शलाका म्हणाली.

"मग झालं तर."

नूर गेली. तिच्या बुटांचे ओले ठसे फरशीवर राहिले, ते शलाकानं पुसले. आरसा तिनं फ्रीजच्या डोक्यावर ठेवला, बकुळचा हात पोचणार नाही असा.

मोटरसायकल बाल्कनीत उभी होती. हँडलवर बकुळचे फ्रॉक वाळत होते, सीटवर चादर, आरशाला मोजे. तिनं एकेक काढून घड्या घातल्या. घड्या घालण्याशिवाय राहवेना. हेल्मेटमधले कांदे टोपलीत ओतले. दिव्याच्या काचेवर बकुळनं फुलपाखरांचे स्टिकर चिकटवले होते, ते तसेच राहू दिले. मग ती बेडरूममध्ये डोकावली. बकुळच्या कपाळावर घामानं केस चिकटले होते, मूठ घट्ट मिटलेली होती. शलाकानं पलंगाच्या कडेला उशी लावली, वाकून तो घामाचा, दुधाचा वास घेतला आणि कानाशी म्हणाली, "आलेच हं मी."

ती इतकी दमलेली होती की त्या उशीवर नुसतं डोकं टेकलं असतं तरी संध्याकाळ झाली असती. तिनं डोकं टेकलं नाही. गाडी ढकलत हॉलमधून, स्वयंपाकघरातून नेली आणि पॅसेजमध्ये शिरल्यावरच सुरू केली.

पहिला मैलभर दोन्ही अंगांना भिंतच होती. बटणांचे बोर्ड येत होते, जात होते. भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, बकुळची उंची मोजल्याच्या. एरवी दाराच्या चौकटीवर त्या चारच होत्या, इथं मैलाच्या दगडांसारख्या येत राहिल्या. पाच वर्षं. नऊ वर्षं. चौदा वर्षं. पुढच्या खुणा तिच्या डोक्याच्याही वर होत्या. तिनं वाचायचं सोडलं आणि रस्त्याकडे पाहिलं. मग भिंती खाली उतरत गेल्या, गुडघ्याइतक्या झाल्या, बांध झाल्या, आणि बांधापलीकडे कपाशी सुरू झाली. ऊन होतं. हाताला क्लच आठवत होता, पायाला गिअर. साडेचार वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे कुणी काही मागत नव्हतं.

नदीशी दोघं होते तसेच होते. हर्डीकर पुढं, मध्ये एका गाडीची जागा मोकळी, मग नूर. दोघांची चाकं पाण्यात, इंजिनं चालू, माना ताठ, डोळे आरशात. रांगेत कुणी मागं वळून बघत नाही, वळलं की तोल जातो. हर्डीकरच्या हेल्मेटमधून बाहेर आलेली दाढी पांढरी झाली होती आणि तिच्यातून पलीकडचा काठ दिसत होता. काठाच्या वर तो निळा फलक होता. त्याच्या मागं धूळ उठली होती.

शलाका नूरच्या मागं जाऊन उभी राहिली. तिचा दिवा दोघांच्या आरशांत पडला, फुलपाखरांसकट.

"आली," नूर म्हणाली.

"पाच मिनिटं म्हणाली होतीस," हर्डीकर आरशातून म्हणाला.

"हो रे. उशीर झाला."

"दोन कप मातीला देऊन झाले तोवर."

"हर्डीकर, टोमणे नंतर मार. घड्याळ बघ," नूर म्हणाली.

"मारतोय कुठं? बोलतोय. माणसानं बोलू नये?" त्यानं घसा खाकरला. आता तो उताराची गोष्ट सांगणार हे शलाकाला कळलं, कारण नदी दिसली की तो ती सांगायचाच. "इंग्रजांच्या सेनापतीला वाटाडे म्हणाले, इथं नदीला उतार नाही, पलीकडे जाता यायचं नाही. त्यानं काय केलं? दुर्बीण लावली. या काठाला एक गाव, त्या काठाला एक गाव, अगदी समोरासमोर. म्हणाला, समोरासमोर दोन गावं वसलीत म्हणजे माणसं येत-जात असणार. पाणी उथळ असणारच. आणि आपल्या लोकांनी तीच जागा राखली नाही."

"दर वेळी तेच," नूर म्हणाली.

"दर वेळी तेच झालंय, मी काय करू? शलाके, येत-जात राहता येतं, एवढंच म्हणतोय मी. पलीकडे तंबू लावू, चहा घेऊ, सहाच्या आत तू तुझ्या काठाला. बोल, निघायचं?"

धुळीतून तोफांची तोंडं बाहेर आली. ती ओढणारे बैल दिसत नव्हते, फक्त जुवं दिसत होती. तीनला सात मिनिटं कमी होती. उताराचं पाणी घोट्याइतकं होतं आणि त्याखालचे दगड स्वच्छ दिसत होते. शलाकानं गाडी गिअरमध्ये टाकली. सवयीनं आरशात पाहिलं.

आरशात बकुळ होती.

लांब, कपाशीच्या कडेनं, ती तिचाकी सायकल मारत येत होती. अनवाणी. डोक्यावर कांद्याची टोपली उलटी घातलेली. हँडलच्या डाव्या बाजूला काहीतरी चकाकत होतं.

"थांबा," शलाका म्हणाली.

"आता काय?"

"माझ्या मागं कुणीतरी आहे. दिवा नाही तिला."

हर्डीकर आणि नूर, दोघांनाही नियम पाठ होता. नूरनं हळूच इंजिनाचा आवाज कमी केला.

"मग तू शेपूट राहिली नाहीस," हर्डीकर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर उभं राहून शिकवल्यावर मधल्या सुट्टीत बोलावं तसा तो बोलत होता. "तुला वळवायचा असेल तर वळव गं आरसा. आम्ही दोघं निघतो. पाच मिनिटं आहेत अजून."

शलाकानं आरशाच्या कडेला बोट लावलं. काच गरम झाली होती. आरसा थोडा आत वळला, तशी बकुळ काचेच्या कडेला सरकली, तिचं अर्धं तोंड दिसेनासं झालं, मग एक हात. आणखी वळवला असता तर नुसती कपाशी उरली असती. शलाकानं आरसा पहिल्यासारखा केला. बकुळ पुन्हा सगळी दिसली.

"नाही होत मला," ती म्हणाली.

"बरं," नूर म्हणाली.

"नूर, तू चालत जा. तुला चालत जाता येतं."

"आणि हर्डीकरला एकट्याला सोडू? त्या फलकावर तो एकटाच बडबडत बसेल."

हर्डीकर हसला. त्या हसण्यानं तो आणखी थोडा विरळ झाला. त्याच्या पाठीवर फलकाचा निळा रंग चढायला लागला होता. मग नूरवरही चढला, आधी कोपरांपाशी. शलाकानं आपला हात पाहिला. नखांशी निळं होतं, पण ते बकुळच्या खडूचंही असू शकत होतं.

तिनं दुसरा हात वर केला, पंजा पसरून. पुढच्या दोघांनी तो आरशात पाहिला आणि माना हलवल्या.

बकुळ सावकाश येत होती. बांधावरून उतरताना तिची सायकल कलंडली, शलाका कळवळली, पण बकुळ स्वतःच उठली, टोपली नीट केली आणि पुन्हा बसली. पुढं तोफा एकामागून एक रांगेत उभ्या राहत होत्या. मागून सायकलीच्या चाकाची करकर जवळ आली, ती घरी रोज तेल घालायचं म्हणून राहून जाणारी करकर. शेवटी पुढचं छोटं चाक शलाकाच्या मागच्या चाकाला येऊन टेकलं.

"आई, तू आलेच म्हणालीस."

"हो गं राजा. फ्रीजवरून आरसा कसा काढलास?"

"हात पोचला."

बकुळनं हँडलचा आरसा दोन्ही हातांनी धरून सारखा केला, मोठी माणसं करतात तसा, एक डोळा मिटून. तिला रांगेचा नियम कुणी शिकवला नव्हता. ती त्यात बघत राहिली.

दूर घरात, फडक्याखाली खुळखुळणारे चमचे एकदम थांबले. तोफा आता हलत नव्हत्या. पाण्याचा आवाजही येईना.

"आई," बकुळ म्हणाली, "माझ्या मागं कुणाचा दिवा आहे?"