मुलाकडच्यांच्या अटी

उज्ज्वलाबाईंना शाळेनं समुपदेशक केलं ते त्यांच्या अंगी काही गुण दिसले म्हणून नव्हे. पुण्याच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणाला कुणाला तरी पाठवायचं होतं, बाकीच्या सगळ्या मास्तरांचे नेमके त्याच आठवड्यात कांदे काढायला आले, आणि बाई शिवणकाम शिकवत असल्यामुळं त्या गेल्यानं दहावीच्या निकालाचं काही बिघडणार नाही, असं हेडसरांचं मत पडलं. दोन हजार चार सालची ही गोष्ट.

शेवटच्या दिवशी दुपारी निम्मा वर्ग एस.टी. गाठायला पळाला. बाईंची बेल्ह्याची गाडी संध्याकाळची, म्हणून त्या बसून राहिल्या. तेव्हा तिथल्या मॅडमनी मुलग्यावर जीव जडणाऱ्या मुलग्यांबद्दल आणि मुलीवर जीव जडणाऱ्या मुलींबद्दल सांगितलं. हा आजार नाही, खोड नाही, लग्न लावून दिल्यानं जात नाही. मूल असं काही बोललंच तर ऐकून घ्या, आणि त्याला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. बाईंनी ऐकलं, असलं काही पुण्या-मुंबईत असेल, आपल्याकडं कुठलं, असं मनात म्हटलं आणि पिशवी उचलली.

शाळेत आल्यावर हेडसरांनी त्यांना प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली दिली आणि दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी ठळक पाटी रंगवून घेतली. त्या पाटीनंच घात केला. त्या दारातून आत गेलेलं पोरगं बाहेर येईपर्यंत शाळाभर येडं ठरलेलं असायचं. वर्षभरात त्या खोलीचा उपयोग फक्त शिपायाला झाला, तो तिथं निवांत डबा खायचा.

पोरी बोलायच्या त्या शिवणाच्या तासाला. हात गुंतलेले, डोळे सुईवर, समोरच्याच्या तोंडाकडं बघायची सक्ती नाही. बाईंनी कक्षाचा नाद सोडला आणि तास संपल्यावर ज्यांना बसायचं त्यांनी हूक लावत बसावं, असं सांगून टाकलं.

दहावीतली अक्षदा अशीच एकदा मागं राहिली. ही पोरगी म्हणजे वर्गाचा भोंगा. हसली की पलीकडच्या वर्गातले सर खिडकीतून डोकवायचे. आरती नावाच्या मैत्रिणीला सायकलवर डबलसीट घेऊन रोज बोरी बुद्रुकहून यायची. आरती दोनदा नापास होऊन हिच्या वर्गात येऊन बसलेली, वयानं मोठी. तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ आरतीचंही झालं. मंचरला कांदा-बटाट्याचा गाळा असलेलं सासर मिळालं. लग्नात अक्षदा करवली म्हणून मिरवली, आणि तिथून घरी आली ती गप्पच झाली. जेवेना, बोलेना. पूर्वपरीक्षेत पेपर कोरे ठेवले. घरच्यांनी लिंबू उतरवून झालं, आता अमावास्येला देवऋष्याकडं न्यायचं ठरत होतं.

"बाई," हूक लावता लावता ती म्हणाली, "आरती गेल्यापास्नं मला मैत्रिणीची येते तशी आठवण न्हाई येत. आमच्या आत्याचा नवरा वारला तवा ती जशी बसून ऱ्हायची ना, तशी येते. असं कुणाला व्हतं का?"

बाईंच्या हातातली सुई थांबली. पुण्याच्या त्या संध्याकाळच्या गाडीचे उपकार त्यांना आठवले.

"होतं," त्या म्हणाल्या. "पुष्कळांना होतं. तो आजार नाही. तू एकटी नाहीस."

अक्षदानं पहिल्यांदाच मान वर केली. बराच वेळ रडली, नाक पुसलं, आणि जरा वेळानं सहज सांगावं तसं सांगितलं, "मोटार चालू करायला इहिरीवर जाते ना, तर तिथनं उठूच वाटत न्हाई. वाटतं, आता झालं एवढं बास."

बाई घरी आल्या त्या घाबरूनच. मूल जिवाचं काही बोललं तर पोटात ठेवू नका, घरच्यांना सावध करा, हे मॅडमनी बजावलं होतं. ते बाईंना लख्ख आठवलं. घरी जाण्याआधी मुलीला सांगा, काय बोलायचं ते तिच्याशी ठरवा, हेही बजावलं होतं. ते नेमकं आठवलं नाही.

रविवारी त्यांनी धाकट्या भावाला, चांगदेवला, गाठलं. तो चाकणला एका कंपनीत होता, सुट्टीला आलेला, बिनलग्नाचा. नात्यातलं एक बारसं उरकून तसंच पुढं बोरीला जाऊ, म्हणाल्या. बाईंच्या अंगावर बारशाची जरीची साडी, चांगदेवचा इस्त्रीचा शर्ट, मोटरसायकल धुतलेली. आता रविवारचा दिवस, माघाचा महिना, दारात शिकलीसवरली बाई आणि सोबत बिनलग्नाचा कमावता भाऊ, तोही आपल्यातलाच. बघणाऱ्यांनी दुसरा काय अर्थ काढावा? गाडी वळणावर असतानाच गल्लीतल्या चार बायांनी निकाल लावलाही होता.

अक्षदाचे वडील दादाभाऊ शेतातून हातपाय न धुता पळत आले. आई प्रयागबाईंनी सतरंजी झटकली. बाईंना वाटलं, शिक्षकाला अजून खेड्यात केवढा मान आहे! त्यांनी लगेच विषय काढला.

"अक्षदाबद्दल बोलायला आलेय. तिला सध्या फार जपायला हवं."

"जपू की," दादाभाऊ म्हणाले. "आमची एकुलती एक हाये. तुमी आदी पोहे घ्या, पावणं."

पावणं हा शब्द कानावर पडला तरी बाईंची ट्यूब पेटली नाही. ती पेटली आतून अक्षदा आली तेव्हा. अंगावर आईची साडी, डोक्यावर पदर, हातात पोह्यांचं ताट. तिनं चांगदेवपुढं बशी ठेवली, बाईंपुढं ठेवली, आणि ठेवताना एकदाच त्यांच्याकडं बघितलं. बाईंनी उभ्या आयुष्यात पुष्कळ पोरींच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण असं कुणी बघितलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी जिच्यापाशी जीव मोकळा केला, ती बाई आज स्वतःच्याच भावासाठी तिला बघायला आली होती.

बाईंना तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, आम्ही त्यासाठी नाही आलो. पण मग कशासाठी आलात? आणि पोह्याला हात लावून, मुलगी बघून असं उठून गेलं तर उद्या गावभर एकच बोभाटा होणार, दादाभाऊच्या पोरीत काही तरी खोट निघाली. घामानं बाईंची जरीची साडी पाठीला चिकटली.

"मला अक्षदाशी दोन शब्द बोलायचेत," त्या कशाबशा म्हणाल्या. "एकटीशी."

कुणाची काही हरकत असायचं कारणच नव्हतं. मुलाची बहीण आहे, चाल बघेल, केस बघेल. प्रयागबाईंनी स्वतः दोघींना मागच्या गोठ्यात नेऊन सोडलं आणि कुणी पोर-बीर तिकडं फिरकू नये म्हणून दाराशी उभ्या राहिल्या. शाळेनं पाटी रंगवून जो एकांत दिला नव्हता, तो असा मिळाला.

"तुमी पण?" अक्षदा म्हणाली. आवाज अगदी खाली. "लगीन लावलं की जाईल म्हंता?"

"नाही गं. मी तुझ्या घरच्यांना एवढंच सांगायला आले होते की तुला एकटीला विहिरीवर पाठवू नका. बाकी काही सांगितलेलं नाही, सांगणार नाही. तुला न विचारता आले, ते चुकलं माझं. चांगदेवला तर यातलं काहीच ठाऊक नाही, त्याला मी बारशाचं जेवण म्हणून आणलंय."

 मग बाहेर चांगदेव तोंडात पोह्याचा बकाणा भरून दादाभाऊंना बोनस किती मिळतो ते समजावत होता, तो आवाज आला, आणि अक्षदाला हसू फुटलं. तीच शाळेतली हसण्याची सवय. तिनं पदर तोंडात कोंबला. बाईंनाही हसू आवरेना, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं.

"आता जाऊन सांगते, गैरसमज झाला म्हणून," बाई म्हणाल्या. "की नको सांगू? तू म्हणशील तसं."

अक्षदानं गाईच्या पाठीवर हात फिरवत जरा विचार केला. दोन-अडीच महिने मख्ख पडलेला तिचा चेहरा हलायला लागला होता.

"न्हाई म्हणू नका," ती म्हणाली. "चालू ठिवा. तुमी न्हाई म्हणला तर मार्चनंतर दुसरं कोण तरी येईल, आन ते खरंच असंल. तुमी मुलाकडच्या हाय तवर म्हणाल ते समदे ऐकत्यात. बाई म्हणून तुमचं कोण ऐकतंय?"

हे मात्र खरं होतं. पोरींना पुढं शिकवा, हे बाई पंधरा वर्षं घरोघर सांगत आल्या होत्या, आणि घरोघर चहा मिळत आला होता.

"अगं, पण हे खोटं."

"व्हय," अक्षदा म्हणाली. "माझं समदंच खोटं चाललंय बाई. त्यात हे जरा उपयोगाचं."

"किती दिवस?"

"मास्तरीण व्हईपर्यंत."

बाई बाहेर आल्या, सतरंजीवर बसल्या, पदर सारखा केला. मुलाकडच्या बायका कशा बसतात, हे त्यांना स्वतःच्या लग्नापासून चांगलं पाठ होतं.

"मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. चांगदेवला ठसका लागला. त्याच्या गुडघ्यावर बाईंनी हात दाबून ठेवला. "पण आमच्या अटी आहेत. आम्हाला डी.एड. झालेली मुलगी हवी. तोवर आम्ही थांबू. दुसरं, देवऋषी, लिंबू, अंगारा यातलं काही चालणार नाही, आमच्याकडं आवडत नाही. तिसरं, तिला विहिरीवर एकटीला पाठवायचं नाही. रात्री आईजवळ झोपवा. आणि रोज शाळा सुटल्यावर ती माझ्यापाशी शिवण शिकायला बसेल."

"ह्ये काय सांगायचं झालं?" दादाभाऊ म्हणाले. "तुमची अमानत हाये आता. आजपास्नं मोटार मी चालू करतो."

परतीच्या वाटेवर चांगदेवनं गाडी कडेला घेतली आणि बहिणीला काय वाट्टेल ते बोलला. बाईंनी बोलू दिलं. मग एवढंच म्हणाल्या, "पोरीच्या जिवावर बेतलंय. कारण विचारू नकोस." तो भला माणूस. त्यानं विचारलं नाही, आणि पुढं कुणी चिडवलं तर लाजल्यासारखं करायलाही शिकला.

अक्षदा दहावी झाली. शिवणाच्या बैठका बारावीपर्यंत चालल्या. काही आठवडे बरे जात, काही वाईट. मंचरहून आरती बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा फारच वाईट गेले. तेव्हा बाईंनी पुण्याच्या त्या मॅडमना फोन लावून अक्षदाच्या हातात दिला, तिला आधी विचारून. पुढं ती डी.एड.ला गेली. सुट्टीत बाईंना भेटायला शाळेत यायची तेव्हा पलीकडच्या वर्गातले सर पुन्हा खिडकीतून डोकवायला लागले होते. आंबेगावच्या डोंगराकडच्या एका शाळेत तिला नोकरी लागली तेव्हा तिनं बाईंना फोन केला. "आता सांगा त्यांना न्हाई म्हणून. मी माझ्या पायावर उभी हाये." चांगदेवनंही सुटकेचा निःश्वास सोडला. कंपनीतल्याच एका मुलीशी त्याचं जमलेलं होतं, ती बिचारी केव्हाची थांबली होती.

बाईंनी निरोप पाठवला, सगळा दोष आपल्याकडं घेऊन. मुलाचं मन फिरलं, आमचं चुकलं, मुलगी सोन्यासारखी.

दादाभाऊंनी त्यांना बेल्ह्याच्या बाजारात गाठलं, भर दुपारी, बैलांच्या आणि टेम्पोंच्या गर्दीत.

"बाई म्हणवता न् असं वागता?" ते ओरडले. सौदे करणारी माणसं थांबून बघू लागली. "येवढी वर्सं आमच्या पोरीला आशेला लावलं! वाया घालवली तिची वर्सं!"

हातात कोथिंबिरीची जुडी धरून बाई उभ्या होत्या. तीच वर्षं तर मागून घेतली होती, ती अशी बाजारात तोंडावर फेकली जाताना ऐकायला लागत होती, आणि उलट उत्तर देता येत नव्हतं. त्यांना रडू येत होतं आणि आनंदही होत होता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

दादाभाऊ तरातरा निघून गेले. प्रयागबाई मात्र मागं राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. बाईंच्या दंडाला धरून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "ती आता लगीनच नको म्हणते. ह्यांनी पण सांगितलंय, तिचं मन मोडलंय, तिला कुणी लग्नाचं इच्यारायचं न्हाई. पण बाई, लांब डोंगरात एकली ऱ्हाती. तुमी सोडली म्हणून जिवाचं काय बरंवाईट तर करून घेणार न्हाई ना?"

"नाही वहिनी," बाई म्हणाल्या. "ते ती आता करणार नाही."

त्या घराशी बाई आजवर पुष्कळ बोलल्या होत्या. त्यातलं एवढंच त्यांना कुणापासून काही न लपवता बोलता आलं.