मास्तरांचा आवाज माझ्यातून गेला

मी एक ऑडिओ इंटरफेस बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारी पत्र्याची डबी म्हणजे मी. माइकचा आवाज आकड्यांत बदलून कॉम्प्युटरला द्यायचा, त्याने दिलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनमध्ये सोडायचा, एवढंच माझं काम. सगळं सुरळीत असलं तर माझं नाव कोणी घेत नाही. काही बिघडलं की पहिला ठपका माझ्यावर.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा सोबत एक चकती होती. तिच्यातला प्रोग्राम टाकला की कॉम्प्युटरला माझी भाषा कळायची. जाहिरातींची गाणी करणाऱ्या एका माणसाने मला सात वर्षं राबवलं. मग त्याने नवा कॉम्प्युटर आणला आणि माझ्या कंपनीने त्याच्यासाठी प्रोग्राम काढलाच नाही. माझा एक स्क्रूही सैल नव्हता, तरी मी एका दिवसात म्हातारा ठरलो. दीड वर्ष खणात वायरींच्या गुंत्यात पडून होतो. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

"ताई, हा घेऊन जा," एकदा तो बहिणीला म्हणाला. "चालायचा नाही, पण टाकवत नाही."

ताई भाषांतरं करते. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही उघडून दुरुस्त करता येणारी प्रणाली. तिने मला जोडलं आणि कॉम्प्युटरने मला नावानिशी ओळखलं! चकती नाही, काही नाही. माझ्यासारखीच डबी घरात असलेल्या कुणा अनोळखी माणसाने माझी भाषा शिकून तिथे लिहून ठेवली होती. त्याची माझी भेट कधी होणार नाही. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पूर्वी म्हणे इथे आवाजाचा कारभार दोन प्रोग्रामांकडे असायचा आणि दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. एक सुरू केला की दुसरा रुसून बसायचा. आता एकच सगळं सांभाळतो आणि बरं सांभाळतो. रेकॉर्डिंगचे, मिक्सिंगचे प्रोग्रामही उत्तम आहेत. मेख एकच, इथे प्रत्येक गोष्ट बदलता येते. बदलता येते म्हटल्यावर ताईचा हात कसला थांबतोय!

एका सोमवारी तिचे सासरे माइकसमोर बसले. ते शाळेत गाण्याचे मास्तर होते. मुलांच्या कवितांना त्यांनी अकरा चाली लावलेल्या, पण कागदावर एकही उतरवलेली नव्हती. शुक्रवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील अशी खात्री डॉक्टर देत नव्हते.

"अगं, माझाच आवाज मला मागून ऐकू येतोय," मास्तर हेडफोन काढत म्हणाले. "मी पुढे, तो मागे. त्याची वाट बघत गायचं का मी?"

आवाज माझ्यातून कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत येईपर्यंत किंचित उशीर होत होता. ताईने तो कमी केला, तर कॉम्प्युटरची दमछाक होऊन रेकॉर्डिंगमध्ये टक्-टक् येऊ लागली. उशीर वाढवला की टक्-टक् बंद, पण मास्तर बेताल.

"थांबा बाबा, उद्यापर्यंत मी नीट लावते."

मंगळवारी तिने प्रणालीचा गाभाच बदलला. बुधवारी इंटरनेटवरच्या जाणकारांनी सुचवलेले नऊ बदल केले आणि वर एक अपडेट घेतला. त्याने मी पार मुका झालो. मला बोलतं करण्यात तिची संध्याकाळ गेली. मास्तर तासातासाला येऊन चाचणीपुरती पहिली ओळ गात होते आणि ताई ती पुसत होती. त्यांचा घसा बसत चालला होता.

आणि माझा जीव नुसता तळमळत होता. माझ्या तोंडावरच, हेडफोनच्या भोकाशेजारी, एक बारीक कळ आहे. ती दाबली की गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरकडे जातोच, शिवाय थेट त्याच्या कानातही येतो, क्षणाचाही उशीर न होता. ताई चार दिवस पडद्यावरून नजर काढत नव्हती. माझ्याकडे बघणार कोण?

गुरुवारी दुपारी मास्तरच कंटाळून मला निरखत बसले. "ही कळ कशाची गं?" असं म्हणत त्यांनी ती दाबलीसुद्धा, आणि सहज गुणगुणले. "अरे वा! आला की वेळेवर!"

ताईने कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरकडून परत येणारा आवाज बंद केला, उशीर हवा तेवढा वाढवला. टक्-टक् गेली. दोन मिनिटांचं काम होतं.

मास्तरांनी सात चाली गायल्या. आठवीला आवाज फाटला.

"बास. आता नाही ओढवत."

"बाबा, माझं चुकलं."

"सात झाल्या ना," ते म्हणाले. पण उरलेल्या कवितांचे कागद घडी करताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र गेला, आता नुसती कुजबुज उरलीय.

हल्ली माइकसमोर ताई बसते. तिला गाता येत नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगितलं असतं. मास्तर समोर बसून बोट वर-खाली करून सूर दाखवतात, टेबलावर ताल धरतात, चुकलं की पाटीवर 'पुन्हा' लिहितात. आठव्या चालीला तीन आठवडे लागले. काल ती गात असताना मास्तरांचं बोट हललंच नाही. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

घरात कुणाचा आवाज ठेवायचा असेल, तर तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे: आधी रेकॉर्ड करा, बाकीचं मागाहून लावत बसा.

येतो आता. ताईने माइक जोडलाय, मास्तरांनी खुर्ची ओढलीय. अजून तीन राहिल्यात.