पांढऱ्या दगडांची फरशी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. शहाद्याच्या एका गुदामामागे माझा मुक्काम असतो. चाके गेली, पोटात कोंबड्या नांदतात. पण माझ्या आजच्या रूपावर जाऊ नका. एके काळी माझा भोंगा वाजला की अख्खा बाजार वळून बघत असे.

माझे इंजिन जहाजातून आले, छप्पर आणि सागाची बाके मात्र इथल्याच सुताराने घडवली. मालक आणि ड्रायव्हर एकच, लोटनभाऊ. बाजाराच्या दिवशी मी सातपुड्याच्या पायथ्याशी जाई आणि डोंगरातली माणसे घेऊन येई. त्यांत टोपल्या विणणारी फुलीबाई असे. बसण्याआधी ती माझ्या बाकावरची धूळ पदराने पुसायची. असे लाड कुणाला आवडत नाहीत?

दुःख एकच, वाटेतला नाला. त्याच्या वाळूत माझी चाके रुतत. मी जागच्या जागी घरघरत पेट्रोल पीत राही, आणि करामुळे ते आधीच महाग. या करातून सडका होतील, असे सरकार सांगे. झाल्याही, पण नाल्याच्या अलीकडे साहेबांचा बंगला होता, तिथपर्यंतच. मोठे साहेब दौऱ्यावर येणार म्हणून त्या सडकेवर पुन्हा मुरूम पडला, दोन्ही कडांना मोठमोठे घडीव दगड मांडून त्यांना चुना फासला गेला. नाल्यात मात्र खडासुद्धा पडला नाही.

“मोटर पेट्रोल पेस, कर मी भरस, आनि सडक बंगलालगूनच जास,” लोटनभाऊ वैतागून म्हणाले. पुढच्या बाजारानंतर नाल्यापलीकडची फेरी बंद, असे त्यांनी फुलीबाईला सांगून टाकले. तिचा चेहरा उतरला. डोक्यावर टोपल्यांची चळत घेऊन पायी यायचे, तर बाजार उठायच्या वेळी पोचणार. मलाही फार वाईट वाटले.

फुलीबाईने घरी नवऱ्याला, इंद्रसिंगला, सगळे सांगितले. पांढऱ्या दगडांचेही सांगितले. तो उलट खूश झाला. डोंगरात लाह बोलावतात. कुणाला घर बांधायचे असले की तो सामान आणून ठेवतो आणि गाव मदतीला येते. मजुरी कुणी मागत नाही, दुपारी सगळे मिळून जेवतात. सरकारने दगड आणून ठेवले, म्हणजे सरकारने लाहच बोलावली आणि आपणच गेलो नाही, असे इंद्रसिंगला वाटले. त्याला लाजच वाटली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी नाल्याशी पोचले, तर पाड्यापाड्यांवरची माणसे पहारी घेऊन जमलेली. एकीकडे ढोल वाजत होता, दुसरीकडे उडदाची डाळ शिजत होती, आणि पांढरे दगड नाल्यात ओळीने बसत होते. लोटनभाऊंनी खरे काय ते सांगायला तोंड उघडले, मिटले, आणि बाह्या सरसावून तेही कामाला लागले. संध्याकाळी मी फरशीवरून पलीकडे गेले. एकही चाक रुतले नाही. माझा आनंद गगनात मावेना.

मग मोठे साहेब आले. सडकेचे ओव्हरसियर आधीच घामाघूम झाले होते. सरकारी दगड चोरल्याबद्दल तुरुंगात पाठवतो, असे ते लोटनभाऊंना दरडावत होते. माझे तर इंजिनच गारठले. तेवढ्यात साहेब नाल्याकडून हसत आले. एवढी छान फरशी कुणी बांधली, त्यांनी विचारले.

ओव्हरसियरांनी घाम पुसला आणि छाती पुढे काढून सांगितले, आमच्याच खात्याने.

साहेबांनी शाबासकी दिली. मग कडेचे दगड कुठे गेले, असेही विचारले. ओव्हरसियर पुन्हा घाम पुसू लागले. लोटनभाऊ हात जोडून शांतपणे म्हणाले, “रस्ताना दगड रस्तामाच शेतस, साहेब.”

दगड रस्त्यातच आहेत, असे म्हणत ओव्हरसियरांनाही मान डोलवावी लागली.

फेरी बंद पडली नाही. दर पावसाळ्यानंतर फरशी थोडी खचे आणि इंद्रसिंग लाह बोलावी. मी म्हातारी होईपर्यंत फुलीबाईच्या टोपल्या बाजारात वेळेवर पोचल्या.

मित्रांनो, मी जे पेट्रोल प्याले त्यात सगळ्यांचा घाम होता. म्हणून सांगते, तुमच्या गावच्या रस्त्यावर चाक कुठे रुतते ते आधी बघा. दगड तिथे बसवा, चुन्याचे मागाहून पाहू. आणि गुदामाकडे आलात, तर माझे बाकही जरा पुसा. कोंबड्यांना मी सांगून ठेवते.