गरम गॅरेजमधली निळी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे. माझा रंग अजून चकचकीत आहे, दारं घट्ट मिटतात आणि आतल्या गाद्यांवर साधा डागही नाही. मग ही इथे गस मेकॅनिकच्या गॅरेजमागे, फाटक्या टायरांच्या आणि मोडक्या यंत्रांच्या ढिगाऱ्यात का उभी आहे, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचं आहे. बर्फ वितळला की भंगारवाल्याचा ट्रक येईल. तोवर वेळच वेळ आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून ट्रकवर चढून मी उत्तरेला, सरोवराकाठच्या हेमलॉक बे या गावात आले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या लेम्पी कांगास या बाईंनी मला विकत घेतलं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. मला घरी नेलं त्या दिवशी त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता आपण दोघी."

लेम्पीबाईंसारखी मालकीण मिळायला भाग्य लागतं, असं सगळे म्हणत. रविवारी चर्च, मंगळवारी बाजार, कधीमधी मैत्रिणीकडे कॉफी, एवढंच माझं फिरणं. दर शनिवारी बादलीभर साबणाचं पाणी घेऊन त्या मला अंघोळ घालत आणि मग मऊ फडक्यानं मेण चोळत. पण त्यांचं खरं प्रेम दिसे ते हिवाळ्यात. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे अर्धं वर्ष. बर्फ खिडक्यांपर्यंत चढतो. गावातल्या बाकीच्या गाड्या उघड्यावर कुडकुडत, सकाळी खोकत खोकत उठत. मला मात्र घराला लागून बंद गॅरेज होतं, आणि त्यात भिंतीवर शेगडी होती. पहिली थंडी पडली की ती लागे, ती थेट वसंत आल्यावरच विझे.

लेम्पीबाईंचा पुतण्या डेल हसून म्हणायचा, "काकू, स्वतःच्या खोलीत शेगडी लावत नाहीस आणि गाडीला उबेत झोपवतेस?"

"मी दोन स्वेटर घालू शकते," त्या म्हणत. "ती कुठे घालणार?"

मुलांनो, आता जरा नीट ऐका. आमच्याकडे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. त्या मिठाचा चिखल गाडीच्या पोटाला लागतो, सांध्यासांध्यांत शिरतो. गाडी थंडीतच उभी राहिली तर तो चिखल गोठतो आणि त्यातलं मीठही जणू झोपी जातं. पण ऊब मिळाली की चिखल वितळतो, मीठ जागं होतं आणि लोखंड खायला बसतं. दर वेळी मी रस्त्यावरून आले की लेम्पीबाई शेगडीची ऊब वाढवत. मग रात्रभर माझ्या पोटाखाली थेंब थेंब खारट पाणी ठिबके. वरून मी आरशासारखी लखलखत होते. खालून मला वाळवी लागल्यासारखं झालं होतं. शनिवारची अंघोळ खिडक्यांपासून चाकांपर्यंतच असे. खाली वाकणं त्या वयात लेम्पीबाईंना कुठून जमणार?

मला ते कळत होतं. पण गाडीला सांगता कुठे येतं?

लेम्पीबाई गेल्या. त्यांच्या पुतण्यानं मला अंगणात, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि काचेला 'विकणे आहे' असा पुठ्ठा लावला.

उन्हाळा संपत आला होता. एका सकाळी एक मुलगी आणि तिचे आजोबा पायी चालत आले. मुलगी केल्सी सालो. सतरा वर्षांची, केस वर बांधलेले, बाह्यांवर पीठ. ती गावातल्या पास्टीच्या दुकानात काम करायची. मांस-बटाट्याचं सारण भरून, कडा मुरडून पास्ट्या भाजायच्या, सकाळपासून दुपारपर्यंत. दोन उन्हाळ्यांच्या त्या कमाईतून तिला गाडी घ्यायची होती. हौस म्हणून नव्हे. चाळीसेक मैलांवरच्या शहरात तिला परिचारिकेच्या शिक्षणक्रमात जागा मिळाली होती. बस जात नाही, रेल्वे नाही. गाडी असेल तर शिक्षण, नसेल तर पास्ट्या.

आजोबांचं नाव आर्वो. आयुष्य खाणीतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं होतं. आता नजर अधू झाली होती, गुडघे गेले होते, स्वतःचा ट्रक त्यांनी विकून टाकला होता. पण नातीला गाडी कशी निवडायची ते शिकवायचंच, असा त्यांचा पण होता.

"आधी बॉनेटला हात लाव," ते म्हणाले. "गरम लागतंय?"

"थंडगार आहे."

"शाब्बास. गरम लागलं असतं तर समजायचं, आपण येण्याआधी यांनी गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन खोटं बोलत नाही. आता किल्ली फिरव."

मी एका झटक्यात सुरू झाले. त्यांनी मागे जाऊन धूर हुंगला. तेल मोजायची काडी काढायला लावली, दोन बोटांत तेल चोळलं. टायरला लाथ मारली.

"लाथ कशासाठी आजोबा?"

"काही कळत नाही त्यानं. पण मारल्याशिवाय गाडी बघितल्यासारखं वाटत नाही."

डेल हसला. तो लबाड माणूस नव्हता. त्यानं काही लपवलं नाही, कारण त्यालाही काही ठाऊक नव्हतं. तो अभिमानानं म्हणाला, "काकूची गाडी आहे, आर्वो. एकही हिवाळा बाहेर काढला नाही तिनं. सगळे हिवाळे गरम गॅरेजमध्ये."

"ऐकलंस?" आजोबा नातीकडे वळले. "याला म्हणतात निगा."

मी आतल्या आत ओरडले. कोणाला ऐकू जाणार?

तिच्या पैशांत बसणारी गावात आणखी एकच गाडी होती. मला चालवून बघायच्या निमित्तानं केल्सीनं मला तिच्याशेजारीच नेऊन उभं केलं. वाळवंटाच्या मुलखातून नवऱ्याबरोबर नुकत्याच इकडे राहायला आलेल्या मोनीक नावाच्या बाईची ती गाडी. शेवाळी हिरवी, एक दार पांढरं, उन्हानं छपराचा रंग सोललेला, गाद्यांना भेगा. माझ्या दुप्पट मैल धावलेली.

"हिला काय कोंबड्यांनी टोचलंय?" आजोबा म्हणाले.

"दिसायला तशी आहे खरी," मोनीक म्हणाली. "पण तिनं मला कधी वाटेत सोडलं नाही."

त्या गाडीवर मात्र दोघांचाही विश्वास नव्हता. म्हणून केल्सीनं गवतावर गुडघे टेकले, मान वाकडी करून खाली बघितलं. खालचं लोखंड कोरडं, धुळकट आणि ठणठणीत होतं. वाळवंटात मीठ कुठून येणार? पण इंजिनाखाली तेलाचा एक थेंब लोंबत होता.

"तेल गळतंय आजोबा."

"झालं तर मग. आज थेंब, उद्या धार. चल."

परत डेलच्या अंगणात आल्यावर केल्सी माझ्यापाशी थांबली. माझ्या खालच्या गवतावर तपकिरी कपच्या पडल्या होत्या. माझ्याच पोटाच्या त्या. तिनं एक उचलली, बोटांत चुरली. माझ्या काळजात आशा लकाकली.

"आजोबा, हिच्याखालीही बघू का?"

आजोबा डेलकडे बघून ओशाळले. हलक्या आवाजात म्हणाले, "केल्सी, लेम्पीबाईनं माझ्या लग्नात ऑर्गन वाजवलाय. तुझ्या आजीच्या अंत्यविधीलाही. तिच्या गाडीखाली आपण चोरासारखं वाकून बघायचं? पाईनच्या झाडाचा कचरा असेल तो. ऊठ."

केल्सी उठली. तिनं हात पँटला पुसला.

मित्रांनो, जिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता तिला त्यांनी नीट तपासलं, आणि जिच्यावर होता तिला तसंच घेतलं. आमच्या गावात भल्या माणसाच्या वस्तूवर शंका घेणं म्हणजे त्या माणसावरच शंका घेणं. एवढ्या सभ्यपणानं त्या मुलीचा घात झाला.

पण खोटं कशाला बोलू? त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते. लेम्पीबाईंनी माझी निगा राखली, केल्सीला माझी गरज होती. पहाटे ती कॉफीचा कप घेऊन धावत यायची. जाताना हाडांची नावं मोठ्यानं पाठ करायची, येताना दिवसभराचं मला सांगायची. आज एका म्हाताऱ्याची नाडी पहिल्यांदा स्वतः मोजली. आज शिकवणाऱ्या बाईंनी शाबासकी दिली. तिच्याकडे गॅरेज नव्हतं. मी उघड्यावर उभी असायचे आणि मला वाटायचं, कदाचित आता गंज थांबेल, कदाचित ही दोन वर्षं मी रेटून नेईन.

नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ पडलं. एका सकाळी गावाबाहेरच्या उतारावर केल्सीनं ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. माझी ब्रेकची नळी गंजून कुजली होती, ती फुटली. समोर चौकात लाकडांनी भरलेला ट्रक जात होता. केल्सीनं हॅन्डब्रेक ओढला, मला कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसवलं. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. तिनं किल्ली फिरवून मला बंद केलं. तिला खरचटलंही नाही. माझ्या आयुष्यात ही एकच गोष्ट मला देवाजवळ मागावीशी वाटली होती, ती मिळाली.

मला ओढून गसकडे आणलं. गस गावचा मेकॅनिक, तोंडाचा फटकळ. आजोबाही काठी टेकत आले. गसनं गाडी उचलण्याच्या यंत्राचे लोखंडी हात माझ्याखाली सरकवले आणि कळ दाबली. मी वर गेले नाही. ते हातच माझ्या आत शिरले. पापड मोडावा तसा माझा सांगाडा कुरकुरत मोडला आणि तपकिरी चुरा जमिनीवर सांडला.

गसनं यंत्र बंद केलं. विजेरी घेऊन आडवा पडला. बराच वेळ बाहेर आला नाही.

"किती दिवस लागतील?" केल्सीनं विचारलं. "परवा माझी रुग्णालयातली पाळी आहे."

"पोरी, हिला उचलायला हात कुठे लावू तेच मला सापडत नाहीये."

"असं कसं? वरून तर..." आजोबा म्हणाले.

"वरून काय आर्वो! वरून हिचं लग्न लावून देता येईल." गस उठून बसला. "ब्रेकची नळी बदलेन मी. पण ती बांधू कशाला? खाली लोखंडच उरलं नाही. ही पुन्हा रस्त्यावर सोडली तर पोरी, मी तुझा मारेकरी ठरेन. लेम्पीबाई हिला ठेवायची कुठे?"

"गरम गॅरेजमध्ये," आजोबा म्हणाले. "म्हणून तर घेतली."

गसनं विजेरी विझवली. मग हळूच म्हणाला, "गोठू द्यायला हवं होतं हिला."

आजोबांना त्याचा अर्थ कळला. आयुष्यभर लोखंडात वावरलेला माणूस. खाली सांडलेला चुरा त्यांनी काठीच्या टोकानं एका बाजूला लोटला.

त्यानंतर केल्सीनं काय काय केलं नाही! कोणी शहराकडे निघालं की त्याच्या गाडीत जागा मागायची. कधी दूधवाला, कधी झाडं तोडणाऱ्यांचा ट्रक. एके दिवशी वादळ आलं, कोणीच निघालं नाही. मग आणखी एकदा. रुग्णालयातल्या पाळ्या चुकलेल्या चालत नाहीत; आजारी माणूस वाट बघत नाही. तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. मोनीकची हिरवी गाडी तोवर शाळेतल्या एका स्वयंपाकिणीनं घेतली होती. ती तेल गाळत गाळत इथूनच जाते, रोज.

काल केल्सी इथे आली. माझ्या नंबरप्लेट काढायच्या होत्या. आजोबा सोबत होते. तिनं पाना लावून एकेक स्क्रू सोडवला. हातांवर पीठ होतं. मागची प्लेट काढायला तिला बर्फात गुडघे टेकावे लागले, आणि मग ती तशीच आणखी खाली वाकली. कितीतरी वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिली.

"आजोबा," ती खालूनच म्हणाली, "लेम्पीबाईंना हे कळलं असतं तर?"

"रडली असती बिचारी. बरं झालं आधीच गेली."

"आणि मी त्या दिवशी वाकले असते तर?"

आजोबांनी काढलेले स्क्रू खिशात टाकले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर."

"कशानं जाऊ, आजोबा?"

 तिनं प्लेटा काखेत धरल्या, आजोबांचा हात धरला आणि दोघं पायी पायी दुकानाकडे गेली. जेवणाची सुट्टी संपली होती.

मित्रांनो, माझं काही आता होणार नाही, आणि त्या मुलीचं काय होईल ते मला सांगता येत नाही. चांगलंच होईल असं म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. पण एक दिवस तुम्हीही आपली पहिली गाडी घ्यायला जाल. विकणारा कितीही भला असो, त्याची काकू कितीही देवभोळी असो, तुम्ही गुडघे टेका आणि खाली बघा. कपडे मळतील, मळू देत. कोणी ओशाळेल, ओशाळू दे. आणि एखाद्यावर जीव लावाल, मग ते यंत्र असो की जनावर की माणूस, तर आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते बघण्याआधी त्याला काय सोसतं ते बघा. मला ऊब नको होती. ते कोणी मला विचारलं नाही, आणि मला सांगता आलं नाही.