फोटोंची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. धानशेतीच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या एका लहानशा गावातल्या शाळेत असते मी. घाबरू नका. म्हणजे, मला बघून सगळेच घाबरतात, म्हणून आधीच सांगितलं. खरं सांगू? मीही स्वतःला थोडी घाबरतेच.

दुधराम सुताराने मला घडवलं. सागवानाची, दोन हातांची, रुंद पाठीची. शाळेत आले तेव्हा माझ्यावर शालीकराम गुरुजी बसायचे. भारदस्त माणूस! ते टेकले की मी कुरकुरायचे, आणि ते म्हणायचे, "थांब वो बाई, आत्ताच तं बसलो!" सगळा वर्ग खो-खो हसायचा.

जयंती आली की गुरुजी उठायचे आणि माझ्यावर फोटो टेकवला जायचा. कधी सावित्रीबाई, कधी बाबासाहेब, कधी बिरसा मुंडा, कधी राजा भोज. मागे पांढरं कापड, झेंडूचा हार, समोर उदबत्ती. फोटोला वजन असं नसतंच. डोळे मात्र असतात.

भाषणं मी पुष्कळ ऐकली. कुणाला कोण आवडतं आणि का, हे त्यातून कळायचं. पवारांच्या घरचा रूपेश छाती काढून म्हणायचा, "राजा भोज! काऊन का थो आमचा राजा हाये." कुणाला विद्वान आवडे, कुणाला लढणारा. जिवंतपणी ज्यांना दगड खावे लागले त्यांनाच माणसं नंतर हार घालतात, हेही मी इथेच ऐकलं. मेलेल्याला जीव लावणं सोपं असावं. तो उलटून काही मागत नाही.

मग एका संध्याकाळी गुरुजी शाळेला कुलूप लावून घरी गेले आणि सकाळी गावात बातमी आली. शोकसभेत त्यांचाच फोटो माझ्यावर ठेवला. ज्या पाठीला ते टेकायचे, त्याच पाठीला. मी कुरकुरले नाही. कुरकुरायला वजन कुठे होतं?

त्या दिवसापासून पोरांत कुजबुज सुरू झाली, "जो या खुर्चीवर बसते, थो फोटोत जाते." जिवंत माणूस माझ्यावर बसेनासा झाला. झाडूसुद्धा मला वळसा घालून जाई. दुपारी शाळा रिकामी झाली की माझं लाकूड आपोआप वाजायचं. उन्हाने लाकूड वाजतं, मला कळतं की! पण आवाज अगदी गुरुजी बसल्यासारखा यायचा. मग मी अंग चोरून उभी राहायचे.

नंतर मोनाली मॅडम आल्या, फुलचूरहून. शिकलेल्या, पोरांवर माया करणाऱ्या, आणि भित्र्या. दार आपटलं तरी हात छातीवर जायचा. त्या आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत. माझ्याबद्दल त्यांना कुणी काही बोललं नव्हतं.

राणी दुर्गावतीची जयंती आली. बाहेर धान पिवळं पडत होतं. गुंजन नावाची गोंडांची पोर भाषणासाठी राणी होऊन आली होती. डोक्यावर चंदेरी कागदाचा मुकुट, हातात लाकडी तलवार. मॅडमनी विचारलं, "तुला राणीच का गं आवडते?"

"काऊन का थे भेली नाही!"

मॅडम हसल्या आणि भिंतीवरचा राणीचा फोटो पुसायला काढला. तेवढ्यात त्यांच्या मनगटावर पाल पडली. किंकाळी, आणि काचेचा चुरा! अंगणात गावकरी जमलेले. फुटका फोटो पूजेला कसा ठेवायचा? मॅडम घामाघूम झाल्या. मग एकदम म्हणाल्या, "गुंजन, तूच बस इथे. आपली जिवंत राणी!"

पोरं एकमेकांना कोपरं मारू लागली, तरी गुंजन मॅडमचं ऐकून माझ्यावर बसली. मॅडमनी गुंजनच्या गळ्यात हार घातला, उदबत्ती ओवाळली, हात जोडले. किती काळाने माझ्यावर ऊब आली होती! चिमणीएवढं वजन, पण गरम.

"उठ! उठ आंधी!" गुंजनची आई शामकला गर्दीतून धावत आली. तिने हार ओरबाडून काढला. "मॅडम, जित्त्या पोरीले हार घातला तुमी? मेल्याच्या जागी बसवली माही पोरगी?"

संध्याकाळी गुंजनला ताप भरला. डॉक्टरच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण पोर काही उठेना. पेजेची वाटी सरकवून द्यायची आणि आईला विचारायची, "माहा फोटो कोन्ता लावसीन वो?"

गाव शाळेत आलं. "जाळा हे खुर्ची," शामकला म्हणाली. आणि माझ्याही मनात तेच आलं. जाळा बाबांनो. माझ्यात खरंच काही असेल तर त्याची राख तरी होऊ दे.

"जाळली तर गुंजनला वाटेल, खरंच होतं सगळं," मोनाली मॅडम म्हणाल्या. कुणी मला हात लावायला तयार नव्हतं. शेवटी त्यांनीच उचललं. माझे पाय त्यांच्या नडग्यांवर आपटत होते. गल्लीतून दमत, थांबत, त्यांनी मला गुंजनच्या खाटेसमोर नेऊन ठेवलं.

आणि बसल्या.

"नोका बसू जी मॅडम!" गुंजन ओरडली.

"बसले की आता."

"तुमाले भेव नाही लागत?"

"लागतंय ना गं. हे बघ गुडघे माझे."

खरंच, त्यांच्या थरथरीने मीच डुगडुगत होते.

"मंग उठा ना!"

"तुझी राणी हत्तीवर बसली, तेव्हा समोर केवढी फौज होती. तिलाही लागलंच असेल भेव. पण ती उतरली नाही, गुंजन. म्हणून लोक तिचं नाव घेतात. नुसती मेली म्हणून कोण घेतं?"

गुंजन कोपरावर टेकून उठली आणि त्यांचे गुडघे न्याहाळू लागली. शामकला दारात, पदर तोंडाला लावून.

"मॅडम," गुंजन हळूच म्हणाली, "एवढ्या हालून राहिल्या तुमी, खाली पडसान." आणि तिला हसू फुटलं. "आई, पेज दे वो. मॅडमलेबी दे."

आता गुंजन शाळेत येते. जयंतीचे फोटो प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवतात आणि मॅडम रोज माझ्यावर बसतात. सवय झाली, म्हणतात.

मला नाही झाली. काल त्यांना खोकला आला. साधं पडसं आहे, म्हणाल्या. तरी त्या कुलूप लावून निघाल्या तेव्हा मला कसंतरी झालं. मी शापित नाही, हे त्यांनी साऱ्या गावाला पटवलं. मला कोण पटवणार?

मॅडम तुमच्या ओळखीच्या असतील तर त्यांना एवढं सांगा, औषध वेळेवर घ्या. आणि सकाळी जरा लवकर येत जा. दार उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.