विकलेल्या वस्तूंच्या घरी

थोरला भाऊ गेला आणि टीव्ही-फ्रिजच्या पाच दुकानांचा कारभार वहिनींच्या अंगावर पडला. मुख्य दुकान धाकटा दीर सांभाळायचा. दिवे झगमगत, पण विक्रेते माशा मारत बसलेले. गिऱ्हाईक यायचं, टीव्हीसमोर उभं राहून सगळं समजावून घ्यायचं, फोनवर भाव ताडून बघायचं आणि घरी विचारून सांगतो म्हणत निघून जायचं. मग तोच टीव्ही दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून त्याच्या दारात उतरायचा.

सवलती वाढवल्या की माणसं वळतील, असं धाकट्याला वाटे. वहिनींना ते पटत नव्हतं. खोक्याच्या भावात आपण कुणाला हरवणार नाही, खोकं घरी पोचल्यावर जे अडतं ते आपण बघायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले. पण पिशवी खांद्याला लावून दारोदार फिरायला विक्रेते तयार होईनात. गोडबोल्या त्यांच्यात सगळ्यांत जुना. टाय लावून उभं राहण्यात जन्म गेला, आता लोकांच्या स्वयंपाकघरात वाकायला लावू नका, असं त्याने सरळ सांगितलं. शेवटी धाकटा स्वतःच निघाला.

पहिलं घर एका निवृत्त शिक्षिकेचं. ओट्यावर भलामोठा ओव्हन, आणि त्याच्या आत औषधांच्या बाटल्या. धाकट्याने तो ओळखला. एकटीला लहान पुरेल असं बाई म्हणत असताना त्यानेच तो गळ्यात मारला होता.

"बिघडला का?" त्याने विचारलं.

"बिघडायला आधी वापरावा लागतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "बटणं कळेनात. विचारायला दुकानात आले होते, तर तुम्ही नव्या गिऱ्हाइकात होतात."

धाकट्याला मान वर करवेना. त्याने बाटल्या बाहेर काढल्या, बटणं समजावली, बाईंच्या हातून दूध गरम करून घेतलं. मग बाईंनी शेजारणीलाही बोलावलं. तिच्याकडे धुलाईयंत्र असून ती कपडे हातानेच धूत होती.

दुकानात परतल्यावर तो म्हणाला, "वहिनी, तुमचंच खरं. पण हे जमायचं तर विकलेल्या प्रत्येक वस्तूमागे आपला माणूस गेला पाहिजे, पुन्हापुन्हा गेला पाहिजे. त्याला माणसं लागतील. एवढी दुकानं परवडायची नाहीत."

"तुमच्या भावाने एकेक करून उभी केली होती, भावजी," एवढंच बोलून वहिनी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

तीन दुकानं बंद झाली. जे शिकायला तयार झाले ते राहिले. गोडबोल्या तयार नव्हता. त्याला सांगायला धाकटा स्वतः गेला. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे त्याला पोरवयात गोडबोल्यानेच शिकवलं होतं. सगळं ऐकून घेऊन गोडबोल्याने टाय सोडला.

"तुझं चुकतंय असं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "पण सांगायला तू यायला नको होतंस."

हळूहळू बोलावणी वाढली. ज्या घरांत माणूस जाई तिथूनच नवी मागणी येऊ लागली. तग धरू, असं वहिनी म्हणायला लागल्या. गोडबोल्या मात्र कुठल्याशा गोदामात खोकी भरतो असं कानावर आलं. धाकटा त्याला लावायला म्हणून फोन हातात घेई आणि तसाच खाली ठेवी.

मग एके दिवशी गोडबोल्याच्या घरूनच बोलावणं आलं. फ्रिजचं दार लागत नव्हतं. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण धाकटाच गेला. दार गोडबोल्याच्या बायकोने उघडलं. त्याने दाराचं रबर बदललं, फ्रिज पुसून दिला. आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. धाकटा थोडा वेळ रेंगाळला. गोडबोल्याची बायको पाणी घेऊन आली, तेही सावकाश प्याला. आतून कुणी बाहेर आलं नाही.