समोरचा काठ

गाळ उपसणाऱ्या ड्रेजरचा नळ तळाशी घरघरत असतानाच समोरचा काठ खचला. आधी कुंपण वाकलं, मग चालकाच्या सासूबाईंचा रिकामा गोठा अलगद बसला आणि पाण्यात गेला. त्याचा हात खटक्यावर थबकला.

"थांबलास का?" मुकादम मागून ओरडला. "जहाज बाहेर खोळंबलंय!"

त्याने खटका पुढे ढकलला.

वर धरण झाल्यापासून नदी मुखाशी नवा गाळ आणेनाशी झाली होती. आणि इथे मोठ्या जहाजांना खोल वाट हवी म्हणून तो रोज तळ उकरत होता. दोन्हीकडून मार खात होता तो काठ. त्याच काठावर त्याची सासुरवाडी होती.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने हात धुतले. पुन्हा धुतले.

"उद्या नोकरी सोडतो," तो बायकोला म्हणाला. "आईंचा गोठा गेला. आता पुढे घरच आहे. माझ्या हातून नाही व्हायचं ते."

"सोडा," कपड्यांच्या घड्या घालता घालता ती एवढंच म्हणाली. पण कित्येक दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

तेवढ्यात दार वाजलं. सासूबाई होत्या, मागे चिखलाने भरलेल्या चपला हातात धरून धाकटा मेहुणा. आता बोलणी खायची, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"बसा हो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तुमचं यंत्र गोठ्यापर्यंत आलंच आहे. थोड्या दिवसांत जेवायलाही येईल आमच्याकडे."

कुणी हसलं नाही. बायकोने दिलेला पाण्याचा पेला सासूबाईंनी तसाच खाली ठेवला.

"शेतात खारं पाणी शिरलं," त्या म्हणाल्या. "आता तिथे काही उगवायचं नाही. याला तुमच्याकडे चिकटवा ना. तुमचा शब्द चालतो तिथे."

मेहुणा भिंतीकडे बघत होता.

"अहो, एक जागा रिकामी होईलच की," बायको हळूच म्हणाली.

त्याने मेहुण्याच्या हातांकडे पाहिलं. त्याच खटक्यावर ते हात, आणि समोर त्यांचंच घर.

"नाही होत रिकामी," तो म्हणाला. "मी कुठे चाललोय?"

बायकोने हातातली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"मग तर उत्तमच," सासूबाईंचा चेहरा उजळला. "तुमच्याच हाताखाली घ्या त्याला. तुमच्या नजरेसमोर असला म्हणजे मला घोर नाही."

सकाळी बायकोने दोन डबे भरले.